कुंदलतेची पायताणे

एका राज्यात अरिंदम नावाचा राजा होता. त्याच्या राजवाड्यामागे काळ्या दगडांच्या उंच भिंतीआड एक बाग होती आणि बागेच्या मध्यावर एक झरा होता. झऱ्याचा ओढा होई, ओढ्याची नदी होई, आणि त्या नदीच्या पाण्यावर सारे राज्य पिके.

बाग राणी सुलक्षणेची होती. माळी पुष्कळ होते, पण वाफे राणी स्वतः बांधी, रोपे स्वतः लावी, तण स्वतः उपटी. राजाचे तिच्यावर फार प्रेम. त्याने तिच्यासाठी मखमलीची, जरीने मढवलेली पायताणे करवून घेतली. चिखलात ती पहिल्या दिवशी भिजली आणि दुसऱ्या दिवशी उसवली. मग राणी ती फाटकापाशी काढून ठेवू लागली आणि अनवाणी आत जाऊ लागली.

एका सकाळी मोगऱ्याच्या वाफ्यात तिच्या टाचेत बोराटीचा काटा मोडला. काटा बारीक होता. राणीने तो नखाने काढून टाकला आणि वाफा पुरा केला. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. वैद्यांनी लेप लावले, ब्राह्मणांनी जप केले. ताप उतरला नाही. राणी गेली.

राजा रडला नाही. त्याने दक्षिणेच्या जळक्या डोंगरावरून कालकेश मांत्रिकाला बोलावून घेतले. कालकेश शब्द बांधीत असे, आणि त्याने बांधलेला शब्द दगडाहून अधिक टिके. राजा त्याला बागेच्या फाटकापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "या मातीने माझ्या राणीचे पाऊल घेतले. आता हिच्यावर कुणाचे पाऊल फिरू नये. जे पडेल ते तिथेच राहो."

"महाराज, हा शब्द बांधू?"

"बांध."

"बांधलेला शब्द मला सोडता येत नाही."

"बांध, म्हणालो ना."

कालकेशाने चिमूटभर माती उचलली, तिच्यावर राजाचा शब्द फुंकला आणि ती पुन्हा खाली सोडली. त्या घटकेपासून बागेतली माती ज्या माणसाच्या पायाच्या तळव्याला लागे, त्या तळव्याला मुळे फुटत आणि तो माणूस तिथेच झाड होई.

बागेत कुणी जाईनासे झाले. मोगरा वाळला, गुलाब वाळले, आणि त्यांच्या जागी बोराटी माजली. तिचा पाला झऱ्यात पडून कुजला, पावसाने माती वाहून आणली, झरा गाळाने भरला. ओढा बारीक झाला. पुढे नदीच्या पात्रात मधूनमधून डबकी राहिली आणि त्या डबक्यांवर माणसे आणि गुरे एकत्र पाणी पिऊ लागली. सीमेवरच्या गावांनी आधी घरांना कड्या लावल्या, मग त्यांच्या मागून आतली गावे निघाली. राजवाड्याच्या गच्चीवरून त्या वाटा दिसत. डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे मुकाट्याने चाललेली असत, आणि राजाकडे कुणी वळून पाहत नसे.

तेव्हा राजा भानावर आला. त्याने कालकेशाला बोलावले, पण कालकेश आला नाही. त्याने निरोप धाडला तो असा: शब्द सुटायचा असेल तर आधी बाग माणसाच्या हातांनी नीट झाली पाहिजे. बोराटी मुळासकट उपटावी. झऱ्यातला गाळ उपसावा. तिसरे काम ती दोन झाल्यावर सांगीन. एका वेळी एकानेच जावे. जो आत जाईल त्याच्या मागे फाटक मिटेल, आणि दोन्ही कामे होईपर्यंत आतून उघडणार नाही. माती तळवा ओळखते, म्हणून पायांत काय घालायचे त्याचा विचार करून जावे.

राजाच्या खजिन्यात पायताणांच्या तीन जोड्या होत्या. पूर्वजांनी त्या मांत्रिकांना मारून लुटून आणल्या होत्या आणि मरता मरता मांत्रिकांनी त्यांना शाप दिला होता. म्हणून प्रत्येक जोडीत एक गुण होता आणि गुणाच्या पोटात एक खोट होती. पहिली जोडी लोखंडाची. तिच्यातून काही आरपार जात नसे. दुसरी हरणाच्या कातड्याची. तिचे पाऊल वाजत नसे, मातीलाही ऐकू येत नसे. तिसरी रत्नजडित मोजडी. ती घालणारा जमिनीपासून वीतभर वर चाले.

सेनापती भीमकेतू लोखंडाची जोडी घालून गेला. तो परतला नाही. राजमाळी विठोजी हरणकातड्याची घालून गेला. तोही परतला नाही. मग राजाचा एकुलता एक पुत्र जयध्वज कुणाला न विचारता रत्नजडित मोजडी घालून फाटकातून आत गेला, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या पहारेकऱ्यांना बोराटीच्या रानात एक कोवळे झाड अधिक दिसू लागले.

राजाला एक कन्या होती. तिचे नाव कुंदलता. भावापेक्षा ती दोन वर्षांनी धाकटी. बोलणे थोडे आणि चालणे जड, म्हणून दासी तिला मागे हसत. ती रोज बुरुजावर जाऊन बसे आणि त्या कोवळ्या झाडाकडे पाहत राही. एक दिवस भिंतीच्या पायथ्याशी, आतल्या बाजूस, एक टिटवी फिरताना तिला दिसली. टिटवी मान वर करून माणसाच्या वाणीने बोलली.

"राजकन्ये, वरून काय दिसते?"

"माझा भाऊ दिसतो."

"त्याचे पाय दिसतात?"

"नाही. गवतात बुडालेत."

"मग तुला काही दिसत नाही," टिटवी म्हणाली. "मी झाडावर बसत नाही. माझा जन्म जमिनीवर, मरणही जमिनीवर. शाप माणसाच्या पावलाला आहे, माझ्या पावलाला नाही. मी तिघांचे पाय पाहिले आहेत."

मग टिटवीने पाहिले ते सांगितले. भीमकेतूच्या लोखंडापुढे काटे वाकले. बोराटीला हात न लावता तो आधी झऱ्याकडे गेला, आणि गाळात उतरताच त्या वजनाने खाली खाली गेला. गाळ वरून त्याच्या पायताणांत शिरला. विठोजीच्या पावलांची मातीला चाहूल लागली नाही. त्याने पुष्कळ बोराटी उपटलीही, पण कातडे मऊ होते. एक काटा तळ भेदून गेला आणि काट्याच्या टोकाला माती होती. जयध्वजाला काटे लागले नाहीत आणि माती लागली नाही. मात्र झुडूप धरून तो ओढी तेव्हा पायाखाली आधार नसे. मूळ जागेवर राही आणि तोच पुढे फेकला जाई. दुपारपर्यंत त्याने एकही झुडूप उपटले नव्हते. शेवटी त्याने जोर लावण्यासाठी दोन्ही पाय मोजड्यांतून काढून खाली टेकवले.

कुंदलता कठड्यावरून खाली वाकली. मग तिने विचारले, "मोजड्या कुठे आहेत?"

"झाडाशेजारी. वीतभर वर, तशाच तरंगत आहेत."

कुंदलता बुरुजावरून उतरली ती थेट हरबाकडे गेली. हरबा हा दरबारचा चर्मकार. त्याच्या हाताखालून हजारो जोडे गेले होते, पण सारे सिंहासनाच्या पायऱ्या चढण्यासाठी आणि पालखीत बसण्यासाठी. मातीत काम करण्याजोगे पायताण त्याने जन्मात केले नव्हते, आणि ते त्याने तिला सरळ सांगितले. कुंदलता म्हणाली की तिनेही जन्मात मातीत काम केलेले नाही, तेव्हा दोघांनी मिळूनच शिकावे लागेल.

तिने सांगितले ते एवढेच: काटा आत येऊ नये, चिखल आत येऊ नये, पाय जमिनीवर घट्ट राहावा, आणि मला दिवसरात्र ती काढता येणार नाहीत.

हरबाने सकाळी तिच्या पावलांचे माप घेतले आणि म्हशीच्या जाड कातड्याची जोडी शिवली. कुंदलता ती घालून राजवाड्याच्या भाजीच्या मळ्यात गेली, जिथली माती अजून साधी होती. तिने दिवसभर कुदळ चालवली. काटे आत आले नाहीत, पण उकिडवे बसायला गेले की तळ वाकत नसे आणि टाच वर उचलली जाई. तिसऱ्या प्रहरी पावले फुगली, जोडी आवळू लागली, आणि संध्याकाळी ती काढली तेव्हा दोन्ही टाचांची सालपटे गेली होती.

हरबा तिच्या पायांकडे पाहून ओशाळला. तो म्हणाला, माप सकाळी घ्यायला नको होते. दिवसभराच्या कामानंतर पाऊल मोठे होते, ते माप खरे. त्याने त्याच सुजलेल्या पावलांचे माप घेतले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडली, चवड्यापाशी तळ पातळ करून तो वाकेल असा केला. दुसरी जोडी पायांना बरी वाटली. कुंदलता ती घालून पाटाच्या चिखलात उभी राहिली. थोड्या वेळाने तिने खाली पाहिले आणि म्हणाली, "हरबा, पाणी आले."

शिवण खालच्या बाजूस होती. शिवाय तळ गुळगुळीत होता आणि ओल्या दगडावर ती दोनदा पडली होती.

तिसऱ्या जोडीला हरबाला सर्वांत जास्त वेळ लागला. शिवण त्याने तळापासून बोटभर वर घेतली आणि तिच्यावर मेण व राळ वितळवून ओतली. तळाला आडवे दाते कापले. वरचे कातडे तेल चोळचोळून मऊ केले आणि पोटरीच्या अर्ध्यापर्यंत चढवले. तोंडाशी पट्टा घातला, म्हणजे वरून माती पडू नये. आत घालायला जाड सुती पायमोजे विणवून घेतले. जोडी काळी, बोजड दिसत होती. कुंदलता ती घालून आठवडाभर मळ्यात वावरली. ती उकिडवी बसली, धावली, चिखलात उभी राहिली, ओल्या दगडांवर चढली आणि एका रात्री ती घालूनच झोपली. सकाळी उठल्यावर पाय दुखत होते, पण कुठे सोलले नव्हते.

तीच जोडी घालून ती राजासमोर उभी राहिली. राजाने मान वर केली नाही, म्हणून त्याला आधी तिचे पायच दिसले.

"ही राजकन्येची पायताणे नव्हेत."

"नाहीत. कामाची आहेत."

राजाला कळले. तो म्हणाला, राणी गेली, पुत्र गेला, आता तुला मी जाऊ देणार नाही. त्याने तिला कोंडून ठेवण्याची आज्ञा केली, पण आज्ञा पाळायला पहारेकरी उरले नव्हते. तेही पाण्याच्या शोधात निघून गेले होते. कुंदलतेने वडिलांना नमस्कार केला आणि खुरपे, कुदळ, फावडे, कोयता, घमेले आणि मेणाचा एक गोळा घेऊन ती फाटकातून आत गेली. तिच्या मागे फाटक मिटले.

आतली हवा कुबट होती. पहिले पाऊल तिने हलकेच टेकवले आणि वाट पाहिली. पायताणाखाली माती किंचित हलली, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी, आणि पुन्हा स्थिर झाली. टिटवी पुढे पुढे चालत होती. तिच्या मागून कुंदलता भावापर्यंत गेली.

जयध्वजाची साल हनुवटीपर्यंत आली होती. त्याच्या केसांतून कोवळी पाने फुटली होती आणि डोळे उघडे होते, पण ते हलत नव्हते. बाजूला मोजड्या तरंगत होत्या. कुंदलतेने त्या उचलून भिंतीपलीकडे फेकून दिल्या. तिने भावाच्या खोडाला हात लावला. ते थंड होते. मग तिने त्याच्याच पायथ्याची बोराटी धरली, दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या आणि ओढली. दाते मातीत रुतले, तळ सरकला नाही, मूळ निघाले.

असे दिवस गेले. ती सकाळी सुरुवात करी आणि उजेड संपला की थांबे. हात फाटले, पाठ मोडली. रात्री ती विठोजीच्या झाडाला टेकून बसे, कारण त्याखालचा दगडी ओटा कोरडा होता. ओट्यावरही मातीचा थर होता, म्हणून पायताणे काढणे नाही. पायमोजे घामाने भिजून तसेच वाळत. कधी बोटे बधिर होत, तेव्हा ती पाय वर करून ती आत हलवीत राही. उजाडल्यावर ती आधी शिवणी पाही आणि जिथे राळ झिजली असेल तिथे गोळ्यातले मेण दाबी. मग काम.

राजा रोज भिंतीशी येई आणि भाकरीचे गाठोडे आत टाकी. दासदासी गेल्यापासून भाकरी तोच थापीत होता, आणि त्या कच्च्या असत. पहिले काही दिवस तो गाठोडे टाकून निघून जाई. नंतर त्याने भिंतीपलीकडून विचारले, "आहेस?" ती म्हणाली, "आहे." पुढे रोज तेवढेच बोलणे होई. एकदा मात्र त्याने विचारले की जयध्वजाला त्रास होतो का. कुंदलतेने झाडाकडे पाहिले आणि म्हणाली की ते तिला सांगता येत नाही. मग राजाची पावले दूर गेली.

बोराटी संपली. उपटलेल्या काट्यांचा ढीग भिंतीहून उंच झाला. पहिले काम झाले.

मग ती झऱ्याकडे वळली. झरा कसला, काळ्या गाळाचा तो खड्डा होता आणि त्याच्या मध्यावर सेनापती भीमकेतूचे झाड उभे होते, कंबरेपर्यंत बुडालेले. कुंदलता काठाकाठाने गाळ उपसू लागली. फावड्याने घमेले भरायचे, वर न्यायचे, ओतायचे, परत यायचे. लोखंडाहून हलकी तिची पायताणे गाळात रुतत, पण निघत. एकदा पट्ट्यापर्यंत गाळ आला तेव्हा टिटवी ओरडली आणि ती मागे सरली. भीमकेतूची मुळे ती हातांनी चाचपून मोकळी करी. त्यांना कुदळ लागू नये म्हणून फार जपे.

गाळाखाली खडक लागला तेव्हा आभाळ भरून आले होते. थोडेसेच उरले होते. त्या सकाळी तिने शिवणी पाहिल्या नाहीत. मेण जवळजवळ संपले होते आणि पाऊस आला तर सारा गाळ पुन्हा आत वाहून येईल, ही धास्ती होती. उकिडवे बसून सरकता सरकता डाव्या पायताणाची बाहेरची कड खडकावर घासत राहिली. करंगळीजवळची शिवण उलली. कुंदलतेला आधी फक्त गार लागले.

मग तिच्या करंगळीतून पांढरे मूळ निघाले, शिवणीतून बाहेर आले आणि गाळात शिरले.

तिने पाय उचलला. मूळ ताणले गेले, तुटले नाही. टिटवी म्हणाली, "ते वर चढेल. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा. राजकन्ये, तुझ्याजवळ थोडाच वेळ आहे."

कुंदलतेने पाय खडकावर ठेवला. तिने भावाकडे पाहिले नाही आणि भिंतीकडेही पाहिले नाही. तिने कोयता उचलला आणि पायताणाच्या कातड्यासकट करंगळी तोडली.

भिंतीपलीकडे राजाने तो आवाज ऐकला. त्याने विचारले, "आहेस?" उत्तर आले नाही. त्याने पुन्हा विचारले. पुन्हा विचारले. कुंदलता दातांत पदर धरून, उरलेले सगळे मेण त्या भोकात दाबीत होती. पदराची चिंधी फाडून तिने पायताण वरून घट्ट बांधले. मग ती म्हणाली, "आहे."

ती उठली आणि उरलेला गाळ उपसला. शेवटच्या घमेल्याखालून पाणी वर आले, आधी गढूळ, मग स्वच्छ. ते भीमकेतूच्या खोडाला वळसा घालून ओढ्यात उतरले. दुसरे काम झाले आणि फाटक उघडले.

फाटकात राजा उभा होता. त्याच्या मागे कालकेश उभा होता. तो कधी आला ते कुणी पाहिले नव्हते. राजा धावत आत येणार, तोच मांत्रिकाने काठी आडवी धरली आणि तिसरे काम सांगितले.

"शब्द मी बांधला, पण तो ज्याचा होता त्यानेच तो मागे घ्यावा. राणीला काटा लागला त्या जागी उभे राहावे. माती तळव्यातून ऐकते, तेव्हा पायांत काही नसावे. बाकीचे सारे सुटतील. शब्द मागे घेणारा सुटणार नाही."

कुंदलता लंगडत पुढे आली. तिने कालकेशाला विचारले की तिची पायताणे राजाला चालतील का. तो नाही म्हणाला. वडिलांच्या जागी ती उभी राहिली तर? तो पुन्हा नाही म्हणाला. मग तिने विचारले, "हे आधी का सांगितले नाहीत?"

"आधी सांगितले असते तर महाराज आले नसते," कालकेश म्हणाला.

राजाने ते नाकारले नाही. तो खाली बसला आणि त्याने आपल्या जरीच्या मोजड्या उतरवल्या. त्याचे तळवे पांढरे आणि मऊ होते. आयुष्यात त्याने जमिनीवर उघडा पाय ठेवला नव्हता. कुंदलतेने त्याचा हात धरला. ती पायताणांत आणि तो अनवाणी, असे दोघे बागेतून चालले. दर पावलाला राजाच्या तळव्यातून मुळांचे बारीक तंतू फुटत, पण शब्द त्याचाच असल्याने तो पाय उचली तेव्हा ते तुटत. तो ओठ आवळून चालत होता. वाटेत त्याने विचारले, "पुष्कळ दुखते का?" ती म्हणाली, "सवय होते."

मोगऱ्याचा वाफा कुठे होता ते कुंदलतेला ठाऊक होते. तिथे आता मोकळी, नुकतीच खणलेली माती होती. राजा तिथे थांबला आणि तिच्या काळ्या, चिखलाने माखलेल्या, चिंधी बांधलेल्या पायताणांकडे पाहत राहिला.

"तुझ्या आईला मी अशी जोडी करून द्यायला हवी होती," तो म्हणाला. "मी मखमल दिली."

"बाबा, तेव्हा कुणालाच सुचले नाही."

"मला सुचायला हवे होते. ती रोज फाटकापाशी काढून ठेवी, ते मी पाहत होतो."

मग त्याने तिचा हात सोडला, दोन्ही पाय जुळवले आणि मोठ्याने म्हटले, "या मातीवर मी जो शब्द टाकला तो मी मागे घेतो. जे पाऊल पडेल ते पुन्हा उचलले जावो."

माती एकदा खालपासून हलली. तिकडे झऱ्यात भीमकेतूची साल गळून पडली आणि तो पाण्यात गुडघ्यांवर कोसळला. विठोजी ओट्यापाशी खोकत उठून बसला. जयध्वजाच्या केसांतली पाने झडली. आणि मोगऱ्याच्या वाफ्यात राजाच्या पायांची मुळे खोल गेली. साल गुडघ्यांवर आली, कंबरेवर आली, छातीवर आली. तो मुलीकडे पाहत होता. साल गळ्यापर्यंत आली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

कुंदलता तिथेच बसून राहिली. भाऊ तिला शोधत आला तेव्हा तो लहान मुलासारखा अडखळत चालत होता. त्याला बोराटीचे झुडूप आठवत होते आणि त्यापुढचे काही आठवत नव्हते. त्याने विचारले की तिच्या पायांत हे काय आहे, आणि रक्त कसले. तिने सांगितले. मग त्याने विचारले, "महाराज कुठे आहेत?"

तिने झाडावर हात ठेवला.

नदीला पाणी आले. गेलेली माणसे पात्राच्या कडेकडेने परतली, घरांच्या कड्या निघाल्या, शेते ओली झाली. जयध्वज सिंहासनावर बसला आणि चांगला राजा झाला, तरी हसताना तो कुणाला दिसला नाही. खजिन्यातल्या तिन्ही शापित जोड्या त्याने वितळवून आणि जाळून टाकल्या. हरबाने माळ्यांसाठी, पाटकऱ्यांसाठी आणि पाणथळ शेतांत राबणाऱ्यांसाठी पायताणे शिवायला घेतली. त्याच्या हाताखाली आता पुष्कळ माणसे आहेत. कालकेश आपल्या डोंगरावर परत गेला, आणि पुढे कोणत्याही राजाने त्याच्याकडून शब्द बांधून घेतल्याचे ऐकिवात नाही.

बागेतली माती आता साधी माती आहे. तिच्यात कुणीही जावे, यावे. कुंदलता रोज सकाळी तिथे काम करते आणि डावा पाय जरा ओढत चालते. मोगऱ्याच्या वाफ्यातले झाड मोठे झाले आहे. त्याला फूल येत नाही, फळ येत नाही. माळी म्हणतात, राजकन्ये, त्याची मुळे कधीच झऱ्यापर्यंत पोचली, त्याला पाण्याची गरज नाही. ते खरे आहे. ती तरी रोज एक घागर घालते.